थर्लोचा श्वास

मित्रांनो, मी ग्रामोफोनची एक जुनी तबकडी आहे; काळी आणि जराशी वाकडी. माझा मुक्काम अमेरिकेतल्या डेटन गावी, ओर्लीनबाईंच्या बैठकीच्या खोलीत. थोड्या थापा मारते, तेवढं चालवून घ्या. म्हातारपणी करण्यासारखं दुसरं उरतं काय?

ज्या बँडची गाणी माझ्यावर आहेत, त्याच्या तालावर एकेकाळी दिव्याचे खांबसुद्धा कंबर हलवायचे. पण माझ्यावरची गाणी मुद्रित करायच्या वेळी बँडच्या म्होरक्याने ठरवलं, आता सगळी गाणी संथ, विरहाची, मागे वीस व्हायोलिनं.

"थर्लो, तुझं ट्रम्पेट शेवटच्या गाण्यात. तेही शेवटी. एकच सूर."

"आणि तोवर काय करू? व्हायोलिनवाल्यांना कॉफी देऊ?"

"दे की. माझ्यात साखर कमी."

हा थर्लो म्हणजे ओर्लीनबाईंचा नवरा. त्याने सगळा राग छातीत भरून असा श्वास घेतला, की स्टुडिओचे पडदे आत ओढले गेले आणि एका व्हायोलिनवाल्याचा केसांचा टोप उडाला. मग तो सूर लागला. मी विक्रीआधी काढलेली नमुन्याची तबकडी, म्हणून श्वाससुद्धा माझ्यात उतरला. पुढे कंपनीने "हा कसला फुसफुसाट?" म्हणून तो कापून टाकला. दुकानांत गेलेल्या माझ्या हजारो बहिणींत तो नाही. मला थर्लोने घरी आणलं.

तीन वर्षांनी थर्लो वारला. तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून आल्या आल्या, डोक्यावरची टोपीही न काढता, ओर्लीनबाई माझं शेवटचं गाणं लावायच्या. फक्त तेवढंच. श्वासाची जागा आली की हात वर करायच्या, जणू सगळ्या गल्लीला गप्प करायचंय. पुढे सुई झिजली, उड्या मारू लागली. तर बाईंनी तिच्या दांडीवर वजनाला एक नाणं चिकटवलं.

"अगं, गाणं ऐकतेस की शेत नांगरतेस?" शेजारच्या व्हर्नेटाबाई खिडकीतून ओरडल्या. "नवी सुई आण!"

"ही थर्लोने बसवलीय. तू तुझा मक्याचा पाव बघ, करपतोय."

ती बोथट सुई दर रविवारी त्या श्वासाचा एकेक पापुद्रा काढत होती. मला कळत होतं. मी कोणाला सांगणार?

गेल्या ईस्टरला बाईंचा हात वर गेला. खरखर झाली, आणि एकदम सूरच आला. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा एकदा लावलं. मग हात हळूच खाली घेत म्हणाल्या, "झालं, थर्लो. माझे कान गेले."

कान नाही हो, बाई! मला ओरडून सांगायचं होतं. पण मला बोलायला सुई लागते, आणि सुई तीच.

आता रविवारी त्या मला पदराने पुसावं तसं झग्याच्या टोकाने पुसतात आणि ठेवून देतात. लावत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर सुई जुनी झाली की बदला. ती कोणी बसवली होती, हे विसरू नका. पण बदला.