श्वासाच्या जागा

गणिताच्या मास्तरांनी पन्नाशीत पहिल्यांदाच संगीतरचना लिहिली, तीही जपानी कोळ्यांच्या वल्हवण्याच्या गाण्यावरून. व्हायोलिन, ढोल आणि बासरी असा सगळा जामानिमा होता. मूळ गाणं आपण शंभरदा ऐकलंय, हे त्यांनी तालमीला आलेल्या प्रत्येकाला ऐकवून झालं होतं.

बासरीवर त्यांची मावशी होती. बाराव्या ओळीला तिचा चेहरा लालबुंद झाला आणि सोळाव्या ओळीला ती मटकन खुर्चीत बसली.

“रचना झकास आहे रे,” धाप ओसरल्यावर ती म्हणाली, “फक्त मी श्वास कुठे घ्यायचा तेवढं सांग.”

सगळे हसले. मास्तरही हसले. त्यांनी रचना कॉम्प्युटरवर वाजवून पाहिली तेव्हा तो काही दमला नव्हता.

“मूळ गाणं लाव बघू,” मावशी म्हणाली.

कोळी एक ओळ गायचे, थांबायचे, मग पुढची ओळ घ्यायचे. प्रत्येक थांब्यात त्यांनी छाती भरून घेतलेला दम स्वच्छ ऐकू येत होता.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. याच जागा त्यांनी रिकाम्या समजून एकेक करून कापून टाकल्या होत्या.

मावशीने पेन्सिल पुढे केली. खुणा करून होईपर्यंत मास्तरांनी मान वर केली नाही.