माझ्यावर टाकलेली चादर

मित्रांनो, दर खंडेनवमीला ज्याच्यापुढे नारळ फुटतो, ज्याला झेंडूची माळ घालतात, त्याच्यावर एके दिवशी गुलाबी फुलांची चादर टाकली आणि परक्या माणसांना सांगितलं, 'ही आमची अडगळ', तर त्याला काय वाटेल? मी एक जुना हातमाग आहे. त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला तोंड नाही म्हणून गप्प बसलो. आज मात्र सगळं सांगणार आहे.

माझा जन्म येवल्याचा. सावळीराम नावाच्या विणकराने जुनी बाभूळ निवडून, सुताराच्या मागे लागून मला घडवून घेतलं. पैठणीचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवतात. विणकर काठावर बसून खड्ड्यात पाय सोडतो आणि पायाखालच्या पट्ट्या दाबत हाताने आडव्या धाग्याचा धोटा फेकतो. हा खड्डा विणकराच्या पायाच्या मापाने खणतात. सावळीराम उंच होता, म्हणून माझा खड्डाही खोल होता. माझ्यावर पदराचे मोर उतरायला लागले की गल्लीतल्या बाया कामं टाकून बघायला यायच्या. सावळीराम त्यांना कौतुकाने दाखवायचा, पण चप्पल घालून कुणी जवळ आलं की त्याचा पारा चढायचा.

पुढे यंत्रावरच्या साड्या आल्या आणि माझे दिवस पालटले. काही वर्षं तर माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालत. सावळीराम गेला. त्याचा मुलगा मल्हारी याला एकच मुलगी, तेजल. तिचं शिक्षण नीट व्हावं म्हणून मल्हारी नाशिकला आला आणि मलाही घेऊन आला. माझे सांधे सुटे करून, गाद्या आणि पत्र्याच्या पेट्यांमध्ये दोरीने बांधून, विंचूरमार्गे टेम्पोने माझी वरात निघाली. पंचवटीतल्या भाड्याच्या खोलीत मल्हारी खड्डा खणायला लागला तेव्हा घरमालक डोक्याला हात लावून बसला होता. 'जाताना बुजवून देतो' असं वचन दिल्यावरच तो उठला.

तेजल माझ्या शेजारी वाढली. शाळेतून आली की ती धोट्यात घालायच्या कांड्यांवर रेशीम भरायची आणि बोलत राहायची. एकदा एक जपानी बाई मला बघायला आल्या. त्या स्वतः तिकडे रेशीम विणत असत. त्यांनी माझ्या तुळईवरून हात फिरवला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. सोबतचा दुभाषी म्हणाला, "त्या म्हणतात, छान आहे."

"एवढं सगळं बोलल्या, आणि फक्त छान?" तेजलने विचारलं.

दुभाषी घड्याळाकडे बघत होता. बाई गेल्या, पण तेजलच्या मनातून ते काही गेलं नाही. कॉलेज करता करता तिने जपानीचा वर्ग लावला. माझ्याजवळ बसून ती मोठ्याने पाठ करायची. दोन परीक्षा झाल्या. मग तिने ठरवलं, तिकडच्या भाषाशाळेत जायचं, भाषा पक्की करायची आणि त्यानंतर तिथलं विणकाम शिकून परत यायचं. त्यासाठी तिने अंबडच्या कंपनीतली नोकरीही सोडली. एवढा सरळ विचार होता तिचा.

अशा शाळेत जायचं तर आधी तिथले शिक्षक संगणकावरून मुलीशी आणि तिच्या आईवडिलांशी बोलतात. मग शाळा कागदपत्रं तिथल्या सरकारकडे पाठवते. सरकार हो म्हणालं तरच व्हिसा मिळतो. आमच्या घरात कुणी परदेशाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. म्हणून कॉलेज रोडवरचे एक सल्लागार गाठले. रविराज सर. ते घर बघायला आले ते थेट माझ्यासमोरच थबकले.

"काका, राग मानू नका," ते मल्हारीला म्हणाले, "पण हे दिसलं तर केस गेली."

"काहून? काय झालं मागाला?"

"गरीब मागवाल्याची मुलगी म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही शिकायला नाही, कमवायला येतेय आणि तिकडेच राहणार. आपण लिहू, साड्यांचे घाऊक व्यापारी. खोटं काय त्यात? साड्या तर आहेतच ना?"

तेजल म्हणाली, "सर, पण मला पुढे विणकामच शिकायचंय. तसंच लिहिलं तर?"

"विणकाम शिकायला कोण जातं जपानला? हॉटेल मॅनेजमेंट लिहू. ते चालतं."

ऐकलंत? पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा चालत नाही, आणि ज्या हॉटेलात ही मुलगी कधी पाणी प्यायलाही गेली नाही ते चालतं. 'मला लहानपणापासून आपल्या देशाच्या संस्कृतीचं आकर्षण आहे' असं सुरू होणारं एक पत्र सरांकडे तयारच होतं. नाव तेवढं बदलायचं. तेजलने ते वाचलं आणि खाली ठेवलं. पण सरांनी अनेक मुलं पाठवली होती, आणि आपल्याला काय कळतंय, असं घरात सगळ्यांनाच वाटलं.

मग तयारी सुरू झाली. आमच्याकडे मुलगी बघायला येणार म्हणून जी तयारी करतात ना, तीच. तेजलची आई लंकाबाई हिला दुसरी कुठली तयारी माहीतच नव्हती. शेजारच्या कुसाबाईंचा सोफा आला, त्यांचीच प्लॅस्टिकची फुलं आली, नवे पडदे लागले. लंकाबाईने सकाळी कांदेपोहे सुद्धा केले.

"आई, ते संगणकाच्या पडद्यावर असणार. पोहे खाणार कसे?"

"त्यांना खायचे नसले तरी घरात वास पायजे. बोलणं चांगलं होतं," लंकाबाई म्हणाली.

आणि मी? माझ्यावर तेव्हा अर्धी साडी चढलेली होती. नारळी काठाची, गर्द जांभळी. उभ्या धाग्यांचा ताणा ओढलेला असताना मला कुठे हलवणार? म्हणून सरांनी कपाटातली चादर मागितली आणि माझ्या डोक्यावरून टाकली. मल्हारी बघत राहिला. त्याच्या बापाने मला कुणाची चप्पल लागू दिली नव्हती.

पडद्यावर एक वयस्कर शिक्षिका आल्या. त्या तेजलशी गोड बोलल्या. मग मल्हारीकडे वळून त्यांनी विचारलं, धंदा सध्या कसा आहे? मल्हारीला खोटं सुचत नाही. तो सांगायला लागला, "रेशीम लय महागलंय बघा. त्यात एक साडी उतरायला किती दिवस जात्यात, आन् गिऱ्हाईक म्हणतं यंत्रावरची स्वस्त मिळती..." रविराज सर कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बाजूला उभे होते. त्यांनी तिथूनच इंग्रजीत भाषांतर केलं, "धंदा उत्तम आहे."

तेजलने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिला तो दुभाषी आठवला असणार. मला तर आठवलाच.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने चादरीचं टोक उचललं गेलं आणि माझा एक खांब उघडा पडला. बाईंनी विचारलं, मागे ते काय आहे? सर हातवारे करून नको नको म्हणत होते. तेजल सरांकडे बघत एक शब्द बोलली. बोलणं संपल्यावर मल्हारीने विचारलं, "काय इचारलं त्यांनी?"

"मागे काय आहे म्हणून विचारलं, अप्पा."

"मग?"

"अडगळ म्हणाले मी."

त्या दिवशी मल्हारी माझ्यावर बसला नाही. पोहे तसेच पडून राहिले.

नकार आला तो ईमेलवर. शाळेने कळवलं की सरकारने परवानगी दिलेली नाही. वडिलांचा व्यवसाय अर्जात व्यापार आणि कॉलेजच्या दाखल्यावर विणकाम, हे जुळत नाही. शिक्षणाचा हेतूही पटत नाही. मला सांगा, तो पटावा तरी कसा? तो हेतू तेजलचा नव्हताच. तो सरांच्या कपाटातला होता. आता यापुढे कुठल्याही देशाचा अर्ज भरताना 'पूर्वी नकार मिळाला आहे का' यावर तिला आयुष्यभर हो लिहावं लागणार, आणि ज्यांनी हे केलं ते संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी चादर मागत असणार. नोकरी सुटली होती, वर्ष हातचं गेलं होतं. वर सर आमच्याकडे येऊन म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, हा सांगाडा हलवा. पुढच्या वेळेला घर फ्लॅटसारखं दिसलं पाहिजे. मी एका दुकानदाराचं पत्र आणतो."

सांगाडा म्हणे. मी आजही ताठ उभा आहे.

पण मल्हारीच्या मनाने घेतलं की आपल्यापायीच पोरीचं अडलं. त्याने विणणं सोडलं आणि ती चादर पुन्हा माझ्यावर टाकली. विंचूरकडच्या एका रिसॉर्टवाल्याला दर्शनी दालनात ठेवायला जुना माग हवा होता. त्यांचा माणूस आला आणि चादर वर करून त्याने मला चहूबाजूंनी बघितलं. निघता निघता म्हणाला, "ही अर्धी साडी काढू नका. अशीच राहू द्या. शो येतो."

मित्रांनो, माग विकला जातो, मोडला जातो, चुलीतही जातो. त्याला इलाज नाही. पण चढवलेली साडी मुद्दाम कायमची अर्धी ठेवायची? शोसाठी? मल्हारीचा चेहरा पडला, तरी तो मान डोलवत होता. तेव्हा आतल्या दारातून तेजल आली. तिने माझ्यावरची चादर ओढली, तिची घडी घातली आणि आईच्या हातात दिली.

"माग द्यायचा नाही," ती म्हणाली.

"तेजू, तुझ्यासाठीच चाललंय ना समदं?"

"माझ्यासाठी काय चाललंय, अप्पा? त्या पत्रातली मुलगी मी नाही. दुकानदाराची मुलगी मी नाही. नकार आलाय तो तिला. मला अजून कुणी विचारलंच कुठे?"

रिसॉर्टचा माणूस निमूटपणे निघून गेला.

त्याच आठवड्यात तेजलने शाळेला स्वतः पत्र लिहिलं, जपानीत, माझ्या काठावर कागद ठेवून. अर्जात काय खोटं होतं ते सगळं लिहिलं. हे कळल्यावर रविराज सरांचा फोन आला. तू स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतेयस, ते म्हणाले. तेजलने त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवला. मला तेवढे आभारही जास्तच वाटले.

उत्तर यायला बराच काळ गेला. शाळा तिला सोडून देईल अशी भीती होती. पण शेवटी बाईंनी कळवलं की पुन्हा बोलू, मात्र पुढचं सरकारच्या हाती, वचन देता येत नाही.

या वेळी सोफा आला नाही. लंकाबाईने पोहे मात्र केलेच. मल्हारी माझ्यावर बसला होता, जांभळी साडी पदरापर्यंत आली होती आणि धोटा चालू होता. बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. तेजलने सगळं सांगितलं. 'गेल्या वेळी मी याला अडगळ म्हणाले, ते खोटं होतं', हेही सांगितलं. मग बाईंनी मल्हारीला विचारलं, मुलगी गेली तर तुमचं कसं होईल?

मल्हारी हात न थांबवता म्हणाला, "अवघड जाईल. कांड्या कोण भरणार? पण ती शिकून आली तर या खड्ड्यात मी फळी टाकून ठेवीन. तिचे पाय पुरत नाय खाली."

तेजलने त्यातला शब्दन्‌शब्द जपानीत सांगितला. पुरत नाय तेसुद्धा. बाईंनी फळी म्हणजे कशी, ते विचारलं.

व्हिसा आला, तेव्हा पदराचे मोर पुरे होत आले होते. इथे माझी गोष्ट संपली असती, तर मीही शांत झालो असतो. पण निघायच्या आदल्या आठवड्यात कुसाबाई सांगत आल्या, तेजलचा फोटो कॉलेज रोडवर लागलाय. रविराज सरांच्या दारावरच्या फलकावर, 'आमची आणखी एक यशस्वी विद्यार्थिनी'. तेजलने हौसेने माझ्याजवळ काढून घेतलेला फोटो होता तो. मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असा लावला होता तिने. सरांनी तिथून तो उचलला आणि मला त्यातून कापून टाकलं. तिचा खांदा माझ्या खांबाला टेकलेला होता. फलकावर ती हवेत तिरकी उभी होती.

तेजल लगेच कॉलेज रोडवर गेली. घरी आल्यावर माझ्या काठावर बसून तिने आईला सगळं सांगितलं. सरांना ती म्हणाली, "लावायचा तर अख्खा लावा, नाहीतर काढा." सरांनी हसत हसत काढला. तिथे बाकावर सायखेड्याची एक मुलगी फाइल घेऊन बसली होती. सायली नाव. तिने बाहेर येऊन तेजलला गाठलं.

"ताई, आमच्या म्हशी आहेत. सर म्हणतात डेअरी उद्योग लिहा, आणि मुलाखतीच्या दिवशी गोठ्याकडची खिडकी लावून घ्या."

"किती माणसं राबतात गोठ्यात?"

"मी आणि आई."

"मग म्हशीच लिही," तेजल म्हणाली, "आणि खिडकी उघडी ठेव."

तेजलला जपानला जाऊन आता काही महिने झाले. माझ्या खड्ड्यात मल्हारीने खरंच एक फळी आणून उभी करून ठेवली आहे. पाय सोडताना ती त्याला अडते, पण तो ती हलवत नाही. काम संपलं की लंकाबाई ती गुलाबी चादर माझ्यावर घालते आणि सकाळी काढून झटकते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा माग असेल, कुणाचा गोठा, कुणाची शिवणाची मशीन. त्यांना जपा. त्यांच्यावर चादर जरूर टाका, पण धूळ बसू नये म्हणून टाका. पाहुणे येणार म्हणून नको.