माका

गुरुदासने बोटांना खोबरेल चोळलं आणि ओला काजू विळीवर उभा चिरला. चीक उडाला. गर परातीत टाकत तो म्हणाला, "लिही. दत्तारामाक फादर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आपल्या खोलीत बोलवी."

वडील मालवणीत सांगतील ते संचिता पुस्तकी मराठीत उतरवत होती. साक्षीचा फॉर्म सुभद्राकाकीने कट्टा गावाहून आणून दिला होता. मिशनच्या बोर्डिंगमध्ये आपल्यासोबत काय घडलं, ते तिचा नवरा दत्ताराम मरण्याआधी लिहून गेला होता. चौकशी समितीला तेव्हाचा एक तरी साक्षीदार हवा होता, नाहीतर तक्रार बंद होणार होती. "भावजी, आता तुमीच उरलास," एवढंच काकी म्हणाली होती. पन्नास वर्षांपूर्वी दत्ताराम आणि गुरुदास तिथे एकाच वर्गात होते.

"मगे?"

"मगे दार लावी. पोरां चिडवीत, फादराचो लाडको इलो, लाडको इलो."

"बाबा, हय लिवलेलां आसा, स्वतः बघितलेलां तेवढांच सांगूचां. तुमी बघितलास?"

"तू वकील कधी झालंस गो?"

"बीएस्सी झालंय. चुकीचां लिवूचंय नाय."

गुरुदास हसला. मग बराच वेळ त्याने काजू उचलला नाही.

"टेबलार घड्याळ होतां," तो म्हणाला. "मिनिटकाटो मोडलेलो. म्हणान किती येळ झालो तां कळा नाय. भायर पोरां जेवणाची ताटां वाजवीत. फादर म्हणा, आयेक सांगलस तर देव तिका नेतलो. मगे सुट्टी लागली काय माका घराक जावची भीती वाटा."

संचिताचं पेन थांबलं. तो परातीकडे बघत होता. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं नसावं. प्रयोगवहीतला एक आकडाही तिने कधी बदलला नव्हता. तिने लिहिलं, 'सुट्टी लागली की त्याला घरी जायची भीती वाटायची.'

"वाच," तो म्हणाला.

तिने सगळं सपाट आवाजात वाचलं. 'त्याला'पाशी ती अडखळली नाही.

"शेवटची वळ परत."

तिने ती ओळ परत वाचली.

"मी तसां सांगलंय?"

संचिताने कागद त्याच्याकडे फिरवला. त्याने फडक्याला बोटं पुसली. चीक तेलातून आत गेला होता. अंगठ्याची कातडी काळी पडली होती. त्याने हात पुढे केला. तिने पेन दिलं.

'त्याला'वर त्याने एकच सरळ रेघ मारली. वर एक शब्द लिहिला, सावकाश, बोर्डिंगमध्ये गिरवून घेतलेल्या वळणदार अक्षरात.

"ह्यां तुज्या पुस्तकी मराठीत करू नको," तो म्हणाला. "तसांच ऱ्हवांदे."

मग सही न करताच त्याने पेन खाली ठेवलं आणि पुढचा काजू उचलला. संचिताने तेलाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

"सही?" तिने हळूच विचारलं.

"थांब जरा. हात धुवन येतंय."