काळुरामची पलटी

लग्नाची आपल्याकडे एक रीत आहे. आधी मुलगी बघायची, मग मुहूर्त, मग मांडव, आचारी, आणि सगळं झाल्यावर कुणाला आठवलंच तर बेंजो पार्टी. दत्तात्रेय मास्तरांनी ही रीत उलटी धरली. चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आपल्या मिरवणुकीत पेणच्या काळुरामनेच वाजवायचं, असं त्यांनी काळुरामला सांगून ठेवलं, आणि मग ते मुलगी शोधायला लागले. बाजारात तुरा आधी घ्यायचा आणि घोडा नंतर, असला हा प्रकार. मास्तरांच्या आईने कपाळाला हात लावला.

मास्तर राहायचे वरसे गावात आणि रोह्यात टायपिंगचा क्लास चालवायचे. माणूस शिस्तीचा. बोटं चुकीच्या कळीवर पडली की लांबून नुसत्या आवाजावरून ओळखायचे. अशा माणसाला बेंजोचं वेड लागलं ते परीक्षेचे फॉर्म भरायला पेणला गेले असताना. काम आटोपून रामवाडीला एसटीची वाट बघत उभे होते, तोच नवरदेवाची मिरवणूक आली. हातगाडीवर दोन कर्णे, आजूबाजूला ढोलकी आणि ताशे, आणि मधोमध गळ्यात बेंजो अडकवलेला एक काळासावळा माणूस. डाव्या हाताने बटणं दाबतोय, उजव्याने तारा छेडतोय, मान खाली. तो काळुराम. पार्टीचं नाव 'नवतरंग'.

गाणी काय, सगळ्या पार्ट्या वाजवतात तीच होती. पण एक गाणं संपलं, ढोलकी-ताशे थांबले, आणि दुसरं सुरू व्हायच्या मधल्या जागेत बेंजो एकटाच चढू लागला. चढला, आणखी चढला, आता तार तुटणार असं वाटेपर्यंत चढला आणि थांबला. नुसता थांबला. रस्ता गप्प झाला. मास्तरांच्या टाचा त्यांना न विचारता जमिनीवरून उचलल्या गेल्या. मग सूर अलगद पलटला, खाली उतरला, त्यावर ढोलकी पडली आणि मास्तरांच्या टाचा टेकल्या. तेवढ्यात रोह्याची एसटी समोरून निघून गेली. पुढची गेली तेव्हा मास्तर मिरवणुकीच्या मागून चालत लग्नघरी पोचले होते, आणि मुलाकडचे की मुलीकडचे हे कुणी विचारायच्या आत त्यांच्या पानात जिलबी पडली होती.

त्या जिलबीतून 'नवतरंग चाहता मंडळ, रोहा शाखा' जन्माला आलं. मुख्य शाखा कुठेच नव्हती. पण शाखा म्हटली की मागे झाड असणार असं लोकांना वाटतं, हा मास्तरांचा हिशोब. त्यांनी रबरी शिक्का करून घेतला आणि सभासदांची कार्डं स्वतः टाइप केली. एक नंबर स्वतः. दोन नंबर गोपाळ सर, शाळेत गणित शिकवायचे. त्यांचं घराणं जुनं, जमीनजुमल्याचं, त्यांच्याकडे कार्यात सनईच वाजायची. बेंजो ऐकायला जाताना सर घरी 'पेपर तपासायची मीटिंग' सांगायचे, मे महिन्यात सुद्धा. तीन नंबर अमोल वायरमन. आणि चार नंबर जनीमावशी, खाडीकडच्या गावातून रोह्याच्या बाजारात सुकी मासळी विकायला येणारी. एरवी गोपाळ सर तिच्याशी बोंबलाच्या भावापलीकडे कशाला बोलले असते? पण मंडळात ती सरांना दटावायची, आणि सर ऐकून घ्यायचे.

दोन गाण्यांमधल्या त्या चढ-उताराला पलटी हे नावही मंडळानेच दिलं. लग्नसराईत काळुराम कुठे वाजवणार हे जनीमावशी बाजारातून काढायची, आणि रविवारी चौघं एसटीने निघायचे. वडखळ, नागोठणे, डोलवी, कुठेही. आमंत्रण नसायचंच. स्टँडवरच्या गर्दीत अमोल शिट्टीवर पलटी वाजवायचा आणि बाकीचे तिघं बरोबर गोळा व्हायचे. मिरवणुकीत मंडळाचा एकच नियम होता. पलटी चढून थांबली की चौघांनी टाचा उचलायच्या, आणि काळुरामने सूर सोडला की टेकायच्या. तो थांबा किती लांबेल हे काळुरामच्या मनावर. कधी क्षणभर, कधी जनीमावशीचे गुडघे कुरकुरेपर्यंत. या चार प्रौढ माणसांना चवड्यांवर उभं राहिलेलं बघून लोक हसायचे. खुशाल हसोत. मास्तरांना उभ्या आयुष्यात त्या चवड्यांवरच्या जागेइतकं कुठेच आपलंसं वाटलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

मंडळाचं पहिलं पत्र काळुरामच्या घरी गेलं तेव्हा मात्र हाहाकार झाला. काळुराम एरवी मिठागरावर काम करायचा, वाचण्याशी त्याचं फारसं सख्य नव्हतं. निळा शिक्का बघून त्याच्या बायकोला, बायजाबाईला वाटलं, सरकारची नोटीस आली. "वाजवाला पन आता लायसन लागते काय?" म्हणून ती पत्र घेऊन शेजारी धावली. पुढे ओळख झाल्यावर मास्तरांनी मोठ्या भक्तिभावाने काळुरामला विचारलं, ती पलटी तुम्हाला सुचली कशी?

"ते व्हय?" काळुराम म्हणाला. "ते काय गाना नाय, मास्तर. पोरां वाजवून दमतान. त्यांना घाम पुसाला टाइम गावावा म्हनून मी कायतरी वाजवतो."

परतीच्या एसटीत चौघं वाकण फाट्यापर्यंत तोंडं पाडून बसले. मग जनीमावशी म्हणाली, "वाजवनाऱ्याला काय कलते!" आणि मंडळ पुन्हा सुरळीत चालू झालं.

आता मास्तरांच्या लग्नाचं. चौऱ्याण्णवचा मे आला, मुलगी काही आली नाही. सांगितलेली तारीख फुकट घालवायची कशी? जनीमावशीच्या लेकीचं लग्न अडलं होतं, काळुराम कुठे मोकळा मिळत नव्हता. मास्तरांनी आपला रविवार तिला दिला. पंच्याण्णवला तो अमोलला दिला. शहाण्णवला खुद्द गोपाळ सरांनी मागितला, धाकट्या बहिणीसाठी, वृंदासाठी. वृंदाने घरात ठणकावून सांगितलं होतं की सनई वाजली तर मी हसेन. सरांच्या दारात बेंजो वाजला, त्यांच्या काकांनी तीन महिने अबोला धरला, आणि पलटीच्या थांब्याला नवरी सुद्धा शालू सावरत चवड्यांवर उभी राहिली. दर वेळी मास्तर लग्नाआधी दोन दिवस राबायचे आणि दर वेळी मांडवाखाली कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, आता तुमचा नंबर." मास्तर हसायचे. घरी आल्यावर मात्र पुढच्या वर्षीच्या मे महिन्याचं पान हाताने आखून त्यातला दुसरा रविवार बघत बसायचे. आपली मिरवणूक, पुढे काळुराम, आणि त्या थांब्यात आपण. इतकंच त्यांना हवं होतं.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत नागोठण्याच्या सगुणाला बघायला गेले. ती बालवाडीत शिकवायची. चहापोहे झाले, मास्तरांनी नेहमीप्रमाणे आपली एकच अट सांगितली, तारीख ठरलेली आहे आणि बेंजोही. आधीच्या चार मुलींचे बाप इथेच उठले होते. सगुणाने शांतपणे विचारलं, "आणि समजा बेंजो नाही मिळाला, तर लग्न कराल ना?"

मास्तर उत्तर द्यायला इतका वेळ लावून बसले की सगुणाला हसू आवरेना. ते हसू बघून मास्तर म्हणाले, "करेन." लग्न ठरलं.

आणि एप्रिलात जनीमावशी टोपली न उतरवताच क्लासमध्ये आली. काळुरामच्या डाव्या हाताला नारळ सोलताना कोयता लागला होता. शीर तुटली होती.

मास्तर दुसऱ्या दिवशी पेणला गेले. काळुराम ओटीवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. बेंजो भिंतीला, वर फडकं घातलेलं. "दोन बोटां वाकत नाय," तो म्हणाला. "डॉक्टर बोलला, आता नाय वाकाची. मास्तर, तुमचाच लगीन रायला बगा. सगल्यांची वाजवली." त्याने दुसऱ्या पार्टीचं नाव सुचवलं, चांगली पोरं आहेत म्हणाला. बायजाबाई चहा ठेवून आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. मास्तर लग्नाची पत्रिका देऊन उठले. पत्रिका द्यायचीच होती, म्हणून दिली. एसटीत खिडकीकडे तोंड करून ते रडले. काळुरामसाठी रडले, आणि लपवत कशाला, स्वतःसाठीही.

त्यांच्या मनात आलं, तारीख पुढे ढकलावी. एखादे वेळी बोटं सुधारतील. मग सगुणाला दिलेला शब्द आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. त्या आठवड्यात मंडळाची सभा भरली. गोपाळ सर म्हणाले, "आता मंडळ तरी कशाचं चालवायचं?" अमोल शिक्क्याशी खेळत बसला.

"वाजवनारा थांबला म्हनून ऐकनारी मेली काय?" जनीमावशी कडाडली. "लगनाच्या रविवारी या सगली."

मेचा दुसरा रविवार उजाडला. वरसे गावात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवणूक निघाली. पार्टी रोह्याचीच होती, कीबोर्डवाली, काळुरामने सांगितलेली. पोरं खरंच चांगली वाजवत होती. गाण्याला गाणं जोडून, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मास्तर मुंडावळ्या बांधून चालत होते, सगळ्यांना हसून नमस्कार करत होते, आणि आत सगळं रितं रितं होतं.

दूध डेअरीच्या वळणावर जनीमावशी एकदम हातगाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "थांबा रे पोरांनो. जरा दम खा."

पोरं चक्रावली, थांबली. अमोलने दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टीवर पलटी सुरू केली. जनीमावशीने आपल्या बाजारात कमावलेल्या आवाजात सूर धरला. गोपाळ सर, गणिताचे सर, भर रस्त्यात डोळे मिटून "त्यां, त्यां" करत बेंजोच्या तारा तोंडाने काढू लागले. आणि मास्तरांनी, नवरदेवाने, आपला आवाज त्यात मिसळला. सूर बेंजोसारखा नव्हता, कुठे कुठे तर भलतीकडेच जात होता. पण चढत मात्र होता. चढला, आणखी चढला, आणि चौघं एकदम थांबले. टाचा उचलल्या गेल्या.

त्या गप्प झालेल्या रस्त्यावर मास्तरांना काळुराम दिसला.

तो गर्दीच्या पार मागे उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, हात अजून गळ्यात बांधलेला. शेजारी बायजाबाई नवं लुगडं नेसून. त्याच्या धड हातात लग्नाची पत्रिका, कुणी अडवलं तर दाखवायला. आयुष्यभर शेकडो लग्नांना गेलेला माणूस, पण पत्रिका घेऊन पहिल्यांदाच आलेला. तो त्या चौघांच्या पायांकडे बघत होता. एकेकाच्या टाचांकडे, आणि मग तोंडांकडे.

चौघांनाही तो दिसला होता. आता सूर सोडायचा कुणी? तो थांबा नेहमीच काळुरामच्या मनावर असायचा. कुणीच खाली येईना. जनीमावशीचे गुडघे कुरकुरायला लागले, गोपाळ सर डुगडुगू लागले, तरी कुणी टाच टेकेना. सगळे काळुरामकडे बघत राहिले.

काळुरामने इकडेतिकडे पाहिलं. पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. आणि हळूच आपल्या टाचा उचलल्या.

किती वेळ तो तसा उभा राहिला कोण जाणे. मास्तरांना विचाराल तर ते अजूनही सांगतात की काळुरामचा सगळ्यात लांब थांबा तोच. मग त्याने मान किंचित हलवली आणि टाचा टेकल्या, त्यासरशी चौघांचा सूर पलटून खाली आला, आणि त्या ढोलकीवाल्या पोराला कुणी सांगितलं देव जाणे, त्याने नेमकी तिथेच थाप टाकली.

मास्तर मुंडावळ्या सावरत गर्दीतून त्याच्याकडे गेले. काळुरामचे डोळे भरून आले होते.

"मी खाली मान घालून वाजवायचो, मास्तर," तो म्हणाला. "मना कंदी दिसलाच नाय. इतकी वर्सां तुमी असा उभं रायचा?"

मास्तरांनी मान हलवली.

मांडवात अक्षता पडल्या आणि पानं मांडली गेली, तेव्हा काळुराम सवयीने हातगाडीपाशी जाऊन बसला होता. वाजवणारी माणसं शेवटच्या पंगतीला जेवतात, चाळीस वर्षांची सवय. जनीमावशीने त्याला धड हाताला धरून उठवलं आणि पहिल्या पंगतीत गोपाळ सरांच्या शेजारी बसवलं. "मेंबर हायस आता तू," ती म्हणाली. "पाच नंबर. मास्तर सोमवारी कार्ड छापतील."

"नव्या नवरदेवाला सोमवारी क्लास उघडायला लावू नका," सगुणा म्हणाली. "कार्ड मी लिहून देते. माझं अक्षर चांगलं आहे."

काळुराम पानापुढे बसून राहिला. त्याची नजर मांडवाबाहेर, त्या दुसऱ्या पार्टीच्या पोरांकडे होती.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी पलटी घेतली ना, तवा मी बगला. त्या पोरांनी घाम पुसला."