सहा क्रॉयझरच्या पाठीवरचा शब्द

मी एक जुना शिक्का आहे. मित्रांनो, मी आयुष्यात एकदाही थाप मारलेली नाही, दिलेला शब्द फिरवलेला नाही आणि कोणाची भीड ठेवलेली नाही. इतकं स्वच्छ चारित्र्य तुम्हाला माणसांत शोधून सापडणार नाही. याचं कारण अगदी साधं आहे. मला शब्दच एक येतो. तो माझ्या तोंडावर उलट्या अक्षरांत कोरलेला आहे, आणि तो म्हणजे 'खोटे'.

माझा जन्म एका खोदकाम करणाऱ्याच्या दुकानात झाला. दारावरच्या पाट्या आणि शर्यतीचे चषक यांतून वेळ काढून त्याने पितळेच्या एकाच कांडीतून आम्हा दोघांना घडवलं. एक मी. दुसरा माझा भाऊ, नावाचा शिक्का. त्याच्या तोंडावर आमच्या मालकांचं नाव मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत होतं. आम्हाला कागदात गुंडाळताना खोदकाम करणारा म्हणाला, "यातल्या एकाला लोक चहा पाजतील आणि दुसऱ्याला शिव्या घालतील." कोणाला काय, ते त्याने सांगितलं नाही. मला पुढे कळलंच.

आमचे मालक टपाल तिकिटांचे पारखी होते. तिकिटं म्हणजे तुमच्या वहीत चिकटवलेली फुलपाखरं आणि आगगाड्या नव्हेत. जर्मनी हा एक देश होण्याआधी तिथे बरीच लहानमोठी राज्यं होती, आणि जवळपास प्रत्येकाने आपापलं तिकीट काढून मिरवून घेतलं. राज्यं गेली, राजे गेले, तिकिटं मात्र दुर्मिळ झाली. दुर्मिळ वस्तूला नक्कल नसेल तर तिची बेअब्रूच म्हणायची. त्यामुळे एका खऱ्यामागे खोट्यांची रांग लागलेली असे, आणि ती रांग मालकांच्या टेबलापाशी येऊन थांबे.

टेबल खिडकीला लागून होतं. त्यावर एक दिवा, एक भिंग, एक चिमटा, एक काळी बशी आणि बेंझिनची बाटली. मालक तिकीट आधी पालथं घालत. "तोंड काय, कोणीही रंगवतं," असं ते म्हणत. मग भिंगातून छपाई पाहत. खरं तिकीट उठावाच्या ठशाने छापलेलं असेल तर शाई रेघेच्या कडेला दाटते. दगडावरून छापलेल्या नकलेत ती सगळीकडे सारखी पसरते, इस्त्री केल्यासारखी. शेवटी तिकीट काळ्या बशीत ठेवून वर बेंझिनचे थेंब सोडत. बेंझिनमध्ये कागद आपल्या पोटातलं सगळं ओकतो: बुजवलेली भोकं, सांधलेले कोपरे, खरवडलेल्या खुणा. मग तिकीट खरं असेल तर पाठीवर तळाशी माझा भाऊ हलकेच टेकवला जाई. खोटं असेल तर मी. माझी शाई मुद्दाम शोधून आणलेली होती. ती पाण्याने जात नाही, बेंझिनने जात नाही, आणि रडून तर मुळीच जात नाही. बऱ्याच जणांनी तेही करून पाहिलं.

माझा भाऊ मखमलीच्या पेटीत राहायचा. मी खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. पण तक्रार नाही. निंदकाला घर मिळालं हेच पुष्कळ.

मालकांचा आणखी एक नियम होता आणि त्यावर त्यांची सगळी कीर्ती उभी होती. ते कारण सांगत नसत. एक व्यापारी नेहमी यायचा, घाम पुसत, पाकीट छातीशी धरून. एकदा मी त्याच्या तिकिटावर उमटलो तेव्हा तो कळवळून म्हणाला,

"पारखीसाहेब, निदान का ते तरी सांगा."

"खोटं आहे."

"ते वाचलं हो मी! का खोटं?"

"सांगितलं तर पुढचं याहून चांगलं येईल."

"म्हणजे मी करतो की काय घरी बसून?"

"तुम्ही नाही. तुमच्या तोंडून ऐकणारा कोणीतरी."

व्यापारी दारापर्यंत गेला, परत फिरला. "डॉक्टरसुद्धा मेल्यावर सांगतात हो, कशाने मेला ते!"

मालक हसले नाहीत. नियम चांगलाच होता. नकला करणाऱ्याला त्याची चूक दाखवणं म्हणजे चोराला किल्ली करून देणं. तिकीटसंग्राहकांच्या संघात मालकांच्या या मौनाचं इतकं कौतुक होई, की एका समारंभात त्यावर भाषणं झाली. ती मात्र लांबलचक होती.

आता दादांबद्दल सांगतो. दादा म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शिक्षण सोडून एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी धरली आणि धाकट्याला शिकवलं. दिवसभर लाल पेन्सिलीने दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी धाकट्याला समोर बसवून छापील कागदावर भिंग धरायचं. "बघ, शाई कडेला दाटलीय का? मग ठसा खरा." मालकांना पारख आली ती या भिंगातून. भिंग दादांचं होतं. पुढे ते दादांनी त्यांना देऊन टाकलं आणि स्वतः चष्म्यावर भागवलं.

तिकिटांचा नादही मुळात दादांचा. पण त्यांच्या वहीत नाव घेण्यासारखं तिकीट एकच होतं: बव्हेरिया राज्याचं, तपकिरी, सहा क्रॉयझर (तिथलं जुनं नाणं) किमतीचं. पहिल्या साच्यातलं, म्हणजे सहाच्या आकड्याभोवतीचं वर्तुळ चार बाजूंना तुटलेलं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका म्हाताऱ्याने निवृत्त होताना त्यांना ते दिलं होतं. त्या कागदात कारखान्यातच एक लाल रेशमी दोरा घातलेला असतो. तो कागदाच्या पोटात असतो, म्हणून नकला करणाऱ्याला तो साधत नाही. तो बापडा पाठीवर लाल रेघ मारून मोकळा होतो.

हे तिकीट दादांनी मालकांकडे कधीच तपासायला दिलं नव्हतं. "तू खरं म्हणालास तर लोक म्हणतील, भाऊ आहे ना," असं ते म्हणत. मालकही तो विषय काढत नसत. इतकी वर्षं दोघं भाऊ एकाच तिकिटाबद्दल न बोलता छान बोलत होते.

मग दादांचे डोळे जायला लागले. दोन्ही. डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. एका सकाळी ते वहिनींचा हात धरून जिना चढून आले. वहिनी आत चहा टाकायला गेल्या आणि दादा टेबलापाशी बसले. खिशातून पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, म्हणजे टेबलाच्या थोडं अलीकडे ठेवलं. मालकांनी ते पडता पडता धरलं.

"हे आता तपास," दादा म्हणाले.

"दादा, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं तेव्हा मला दिसत होतं. त्याच्या पाठीवर तुझं नाव बघायचंय मला. दिसतंय तोवर. पुढच्या महिन्यात तू सोन्याने लिहिलंस तरी काय उपयोग?"

"आणि खोटं निघालं तर?"

"तर दुसरा मार. तुझा नियम मला माहीत आहे की. मी काय त्या व्यापाऱ्यासारखा गळा काढणार आहे?"

मालकांनी तिकीट पालथं घातलं. मित्रांनो, मी त्या वेळी उघड्या डब्यात होतो आणि मला सगळं दिसत होतं. तिकिटाच्या पाठीवर वरून खाली एक लाल रेघ होती. सरळ, सुबक, पेन्सिलीची. दोरा पोटात हवा. ही पाठीवर होती.

त्यांनी छपाई पाहिली. शाई कडेला दाटलेली होती. त्यांनी भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. रेघ तिथेच होती. त्यांनी काळी बशी पुढे ओढली, बेंझिनच्या बाटलीचं बूच काढलं आणि मग समोर बसलेल्या दादांकडे बघितलं. दादा खिडकीकडे तोंड करून बसले होते. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते नेमकं कोणाकडे बघून हसत होते ते सांगता येत नव्हतं.

मालकांनी बूच परत लावलं.

त्यांनी असं का केलं, हे ते पुढे स्वतःशीच मोठ्याने बोलले म्हणून मला ठाऊक. आणखी पाहत बसलो तर आपण ते खरं ठरवू, अशी त्यांना भीती वाटली. परक्याच्या तिकिटाला त्यांनी बशी नाकारली नसती. व्यापाऱ्याच्या घामेजल्या पाकिटातल्या प्रत्येक तिकिटाला बेंझिन मिळालं. सख्ख्या भावाच्या तिकिटाला मात्र पक्षपात नको म्हणून मिळालं नाही. निःपक्षपातीपणा हा असा असतो, मित्रांनो. तो घरच्यांच्याच वाट्याला जास्त येतो.

"खोटं आहे, दादा."

दादांचं हसू लगेच गेलं नाही. विसरून राहिल्यासारखं ते थोडा वेळ तिथेच राहिलं.

"बरं," ते म्हणाले. एवढंच. कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर पेच पडला असता. पण त्यांना नियम माहीत होता, आणि धाकट्याचा नियम मोडायचा नाही हा त्यांचा नियम. मग म्हणाले, "मार की. थांबलास का?"

मला उचललं. मालकांची बोटं गार होती. मी उमटलो. इतक्या वर्षांत इतका स्वच्छ मी कधी उमटलो नव्हतो.

वहिनी चहा घेऊन आल्या. तिघांनी चहा प्यायला आणि दादा छापखान्यातल्या जुन्या गमतीजमती सांगत राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्तच. जाताना जिन्यात ते वहिनींना म्हणाले, "सांभाळून," आणि स्वतःच अडखळले.

त्यानंतर त्यांनी तिकिटांची वही उघडली नाही. पूर्वी वहिनी वही मांडीवर घेऊन त्यांना वर्णन करून सांगायच्या, तेही बंद झालं. पूर्ण अंधार व्हायला काही महिने बाकी होते, पण बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणाले. मालक भेटायला जात. दोघं हवेबद्दल बोलत. हिवाळ्यात दादा गेले.

कपाटं आवरून झाल्यावर वहिनी वही घेऊन आमच्याकडे आल्या.

"तुमच्याकडेच असू दे, भाऊजी. मला यातलं काय कळतंय? तिकिटांपायी माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि तेही दुसऱ्यांची पत्रं न वाचता."

मालकांनी वही घेतली. सहा क्रॉयझरचं पाकीट आतच होतं. वहिनींनी ते पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "यासाठी तर काय जीव टाकत होते! तुमच्याकडे आणायच्या आदल्या दिवशी दोन तास पेन्सिलीला टोक करत बसले."

"पेन्सिलीला?"

"ती छापखान्यातली, लाल. आतला दोरा त्यांना दिसेना हो. कासावीस झाले. म्हणाले, 'इतका पुसट आहे, त्याच्या नजरेतून सुटला तर?' मग मी बोट धरून दाखवत गेले आणि त्यांनी बरोब्बर दोऱ्यावरून गिरवलं. मी म्हटलं, अहो, भाऊजी केवढे पारखी आहेत, त्यांना दिसणार नाही का? तर म्हणतात कसे, 'पारखी असला तरी धाकटा आहे.'"

मालकांनी काळी बशी घेतली, तिकीट पालथं ठेवलं आणि बेंझिन ओतलं. थेंब थेंब नाही, सरळ ओतलं. बारीक कुंचल्याने ते पाठ हलकेच घासू लागले. पेन्सिलीची लाली सुटली, पसरली, फिकी झाली. तिच्याखाली, कागदाच्या पोटात, रेशमाचा दोरा जसाच्या तसा होता. रेघ त्यावरून केसभरही ढळलेली नव्हती. जवळजवळ आंधळ्या माणसाने ती मारली होती.

मीही जसाच्या तसा होतो. माझी शाई बेंझिनला दाद देत नाही.

"खरं आहे, वहिनी," मालक म्हणाले.

वहिनींनी चष्मा लावून बशीत डोकावलं. "मग हे काय लिहिलंय?"

तेव्हा मालकांनी कारण सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शाई, ठसा, दोरा, रेघ, बाटलीचं परत लावलेलं बूच, सगळं. सांगत राहिले, थांबेचनात. शेवटी वहिनी पदराने चष्मा पुसत म्हणाल्या,

"रेघ आहे, एवढंच म्हणायचं होतंत ना, भाऊजी. लगेच हसले असते. म्हणाले असते, अरे, ती मी मारली."

मालकांनी दुसऱ्या दिवशी संघाला सगळी हकीकत कळवली. संघाने बैठक घेतली, दुःखाचा ठराव केला आणि असं ठरवलं, की शिक्का एकदा उमटला की निर्णय अंतिम. शिक्के मागे घेऊ लागलो तर जगात भरवसा कशाचा राहील? त्यामुळे संघाच्या दृष्टीने ते तिकीट आजही खोटं आहे. मालकांनी त्याच्या पाठीवर, माझ्या शेजारी, आपलं नाव उमटवलं. दादांना बघायचं होतं ते नाव. पुढे त्यांनी तपासणी सोडली. माझा भाऊ मखमलीत आहे, मी डब्यात. आता आम्हा दोघांनाही कोणी विचारत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

मित्रांनो, मी लहान तोंडाचा आहे, मोठा घास घेत नाही. एवढंच मागतो. कोणाच्या जिवापाड जपलेल्या वस्तूला नाव ठेवायची वेळ आली, तर ठेवा. पण का ते सांगा. समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवा. आणि परक्यासाठी जी बाटली उघडता, ती आपल्या माणसासाठी बंद करू नका. माझ्यासारख्याला एकच शब्द येतो, माझा नाइलाज आहे. तुम्हाला पुष्कळ येतात.

बाकी टपाल तिकिटाचं काम म्हणाल, तर ते एकच असतं: पत्राचे पैसे भरले आहेत, एवढं सांगणं. ते तिकीट म्हणजे दादांचं धाकट्याला पत्रच होतं, आणि त्या पत्राचे पैसे भरलेले होते.