ताईने आखलेला तक्ता

मी एक तक्ता बोलतोय. भिंतीवर टांगतात तो नव्हे. वेताच्या खुर्च्या विणून देणाऱ्या एका लहानशा दुकानाची वेबसाइट आहे, तिच्या पोटात मी राहायचो. ओळी, रकाने आणि त्यांतले चौकोन, एवढंच माझं शरीर. माझ्या रेघा कुणाला दिसल्या नाहीत. त्या दिसू नयेत म्हणून त्यांची जाडी शून्य ठेवली होती.

मला ताईने आखलं. ती दुकानदाराची थोरली मुलगी. खरं तर आकडे मांडायला जन्मलेली आमची जात. पण त्या काळी पानावर दोन मजकूर शेजारी शेजारी बसवायचे तर लोक आम्हालाच जुंपायचे. ताई दुकानातल्या स्टुलावर बसून शिकत होती. समोर बाबा खुर्चीच्या रिकाम्या चौकटीत उभे-आडवे वेत ओवत होते.

"बाबा, तुमचंच काम करतेय मी. फक्त माझ्या बोटांना कुसळं टोचत नाहीत."

"बसेल का कुणी त्याच्यावर?"

"अख्खं दुकान बसवतेय की तुमचं!"

डाव्या रकान्यात तिने बाबांविषयी लिहिलं, उजव्यात दुकानाची माहिती. दोन्ही बाजू समोरासमोर नीट याव्यात म्हणून तिने वाक्यं तोडली आणि एकेका चौकोनात एकेक तुकडा ठेवला. नवशिक्याची चूक होती ती. पण डोळ्यांना ते इतकं सुबक दिसे, की कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पुढे ताई आजारी पडली. दवाखान्यात जाताना धाकट्या बहिणीला म्हणाली, "आले की पानाचा रंग बदलू." ती आली नाही.

तेव्हापासून बाबा रोज दुकान उघडलं की आधी मला उघडायचे. गिऱ्हाईक खोळंबलं तरी डावा रकाना वाचून झाल्याशिवाय उठायचे नाहीत. मग त्यांची नजर मंदावत गेली, आणि शेवटी गेलीच. वेत बोटांना ओळखत होता, त्यामुळे काम अडलं नाही. अडलं ते माझ्यापाशी.

धाकटीने संगणकात पान वाचून दाखवणारा आवाज बसवून दिला. तो आवाज तक्ता जसा असतो तसा वाचतो: एक ओळ डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "माझ्या बाबांच्या हाताला... मंगळवारी दुकान बंद... घाई माहीत नाही. बसणाऱ्याच्या... पोहोचवण्याचं भाडं वेगळं... पाठीत टोचू नये म्हणून..."

बाबा हसले. "बघ, तुझी ताई माझ्या हातांनाही मंगळवारी सुट्टी देतेय."

ते रोज ऐकत राहिले. हसणं मात्र थोड्याच दिवसांत थांबलं.

धाकटी म्हणाली, "बाबा, मी पान नव्याने बांधते. आता तक्ते वापरत नाहीत, सीएसएस वापरतात. मजकूर सलग राहतो आणि तो कुठे दिसायचा ते वेगळं लिहायचं. मग आवाजही सलग वाचेल."

"शब्द बदलशील?"

"एकही नाही."

"मग जाईल काय?"

"तक्ता."

"तो तिने केलाय. हात लावायचा नाही. आणि मला सगळं पाठ आहे, तुझ्या त्या आवाजावाचून अडलंय कुणाचं!"

"म्हणून दाखवा मग."

"माझ्या बाबांच्या हाताला," बाबांनी सुरुवात केली, "मंगळवारी..." ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मंगळवारच आला. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"काल येत होतं गं," ते म्हणाले. "काल येत होतं."

तिचा शब्दन् शब्द माझ्याजवळ शाबूत होता, आणि माझ्यामुळेच तो त्यांच्या मनातून विस्कटत चालला होता. मला बोलता आलं असतं, तर मीच म्हटलं असतं, काढा मला.

बाबांच्या मांडीवर दुरुस्तीला आलेली खुर्ची होती. तिची भोकं चाचपत ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, "काढ. पण हळू काढ."

धाकटीने एकेक चौकोन रिकामा केला. तुकडा उचलायची, पुढच्या तुकड्याला जोडायची, पुन्हा वाचून बघायची. एका ठिकाणी तिचा हात थबकला, आणि ती बाबांना कळणार नाही अशी रडली. मग आवाज सुरू केला.

"माझ्या बाबांच्या हाताला घाई माहीत नाही. बसणाऱ्याच्या पाठीत टोचू नये म्हणून ते प्रत्येक गाठ मागून मारतात. लहानपणी मी त्यांच्या पायाशी झोपायचे. जाग आली की आधी हात लांब करून त्यांचा पाय आहे ना, ते बघायचे."

बाबांनी पाय किंचित पुढे सरकवला.

आता मी जुन्या फाइलींमध्ये पडून आहे, सगळे चौकोन रिकामे. उद्या धाकटीने मला पुसून टाकलं तरी माझी तक्रार नाही. तुम्हाला एवढीच विनंती आहे, की आपल्या माणसाविषयी लिहाल तेव्हा वाक्य तोडू नका; ऐकणाऱ्याला ते सलग लागतं.

मलाही लागत होतं. इतकी वर्षं मी तिचे तुकडे सांभाळले, पण पूर्ण वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि तेव्हा मला कळलं, या घरातून कोण गेलंय ते.