वाल्मीकभाऊंनी जोर लावला

“दाबा,” डॉक्टर म्हणाले, आणि वाल्मीकभाऊंनी असं दाबलं की मानेच्या शिरा तटतटल्या. पंजाची ताकद मोजायच्या यंत्राचा काटा भराभर वर गेला.

मी कपाळावर हात मारला. मनातल्या मनात, कारण समोर मेडिकल बोर्डाचे तिघे डॉक्टर होते.

“छान सुधारणा आहे,” त्यातले मोठे डॉक्टर म्हणाले. “कायमचं अपंगत्व म्हणता येणार नाही.”

झालं! वाल्मीकभाऊ आमच्या खात्याचे जीपड्रायव्हर. पेठच्या घाटात जीप उलटली आणि त्यांचा उजवा पंजा चिरडला. आमच्या कर्मचारी संघटनेने भांडून अपघात विमा मिळवलाय, पण हात कायमचा अधू झाल्याचं बोर्डाने लिहिलं तरच तो हातात पडतो. लेकीचं, तेजस्विनीचं, नर्सिंगचं शिक्षण त्यावरच अडलेलं. संघटनेची सचिव म्हणून मी सोबत आले होते.

“भाऊ, ही काय पोलीसभरती होती?” बाहेर येताच मी तडकले. “खोटं वागा म्हणत नाही मी. पण एवढा जोर कशाला?”

“प्रतिभाताई, डॉक्टर दाबा म्हनले. मंग दाबायचं नाय का?” ते ओशाळून हसले. “घरी रोज कणीक मळतो ना मी. हात लय सुधारला, असं बायकोला, सगुणाला सांगायचं होतं.”

पण मला एक कोडं सुटेना. एवढी ताकद आहे, तर अपघातापासून हा माणूस सही डाव्या हाताने का करतो? मी निरखून पाहिलं. पूर्ण हात तपासायला काढलेला शर्ट त्यांनी अंगात घातला होता, पण उजव्या हाताची बोटं बटणावरून नुसती घसरत होती.

“एकदा जोर लावला का मंग दिवसभर हा हात कामातून जातो,” ते म्हणाले. “रोजचंच हाय.”

“मग आत का नाही सांगितलंत?”

“त्यांनी कुठं इचारलं?”

मी त्यांना तसंच परत आत नेलं. “डॉक्टर, यांना फक्त बटणं लावायला सांगा.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला फार वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही. त्यांनी बटण धरलं. ते सुटलं. पुन्हा धरलं. पुन्हा सुटलं. डावा हात आपसूक पुढे आला, तो त्यांनीच मागे घेतला.

“पुरे,” डॉक्टर हळूच म्हणाले आणि आधीचा शेरा खोडून नवा लिहू लागले. मला हायसं वाटलं.

“थांबा साहेब,” वाल्मीकभाऊ मान खाली घालून म्हणाले, “एक तरी लावतो.”